पिठाच्या डब्यातली खसखस

धनेशभाऊ साळवींबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. अजूनही कळत नाही. माणूस सरळ आहे, गोष्टच वाकडी आहे.

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये या मजल्यावर मराठी घरं दोनच. एक आमचं आणि लिफ्टच्या पलीकडचं धनेशभाऊंचं. त्या घरात ते एकटे. तरुणपणी जहाजावर इंजिनिअर होते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा समुद्र सोडला आणि इथे जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत लागले. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, इंजिन रूममधल्या माणसाला मोठ्यानं बोलायची सवय. मुलगी बघायला गेलो की मुलीचा बापच घाबरायचा." हे मात्र खरं. ते लिफ्टपाशी फोनवर बोलायला लागले की मला माझ्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

त्यांना जगात माणूस एकच, देवरुखची चित्राताई. थोरली बहीण. आई गेली तेव्हा धनेशभाऊ रांगत होते. चित्राताईंनी शाळा सोडली आणि भावाला वाढवलं. स्वतःचं लग्न उशिरा केलं, तेही गावातल्या गावात, म्हणजे भाऊ जेवायला येऊ शकेल. ताईचं नाव घेताना धनेशभाऊंचा आवाज खाली येतो. आम्ही म्हणतो, तेवढ्यापुरतं इंजिन बंद होतं.

दरवर्षी गौरी-गणपतीला ते देवरुखला जातात आणि परत येताना आमच्यासाठी काही ना काही आणतात. या वर्षी मी आमसुलं सांगितली होती. चित्राताईंनी आमसुलं दिलीच, वर दिवाळीसाठी अनारशाचं पीठही दिलं. तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून, गुळात मळलेलं. "तुझ्या त्या वहिनींना म्हणावं, तळा आणि माझ्या भावाला चार द्या." आणि अनारसा थापायचा तर खाली खसखस हवी, म्हणून खसखशीची पुडी गाठ मारून पिठाच्या डब्यात अगदी मधोमध खुपसली. यात लपवाछपवी काही नाही. आपल्याकडे असंच करतात. पुडी वेगळी ठेवली तर प्रवासात फुटते, पिठात खुपसली की जागची हलत नाही. माझी आईसुद्धा हिंगाची डबी अशीच भाजणीत पुरून पाठवायची. धनेशभाऊंना मात्र त्या पुडीचा पत्ता नव्हता. त्यांनी डबा उघडून पाहिलाच नाही.

इथे खसखस चालत नाही. ती अफूच्या बोंडातून निघते, म्हणून ती अमली पदार्थांत धरतात. मी इथे आल्यापासून अनारशाला तीळ लावते, कारण दुकानदार खसखस नाही म्हणतो आणि आपण पुढचं विचारत नाही. चांगी विमानतळावरच्या यंत्रात त्या डब्याच्या पोटात एक काळी गाठ दिसली आणि धनेशभाऊंना बाजूच्या खोलीत नेलं.

"बॅग कोणी भरली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मीच."

"ही पुडी कोणी दिली?"

"कोणी नाही. मीच बाजारातून घेतली."

"मग पिठात का लपवली?"

 पासपोर्ट ठेवून घेतला, जबाब लिहून त्यावर सही घेतली, पुडी तपासायला पाठवली आणि बोलावू तेव्हा या म्हणून सोडलं.

हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप तसाच राहिला. हे, म्हणजे माझे यजमान अभय, ताडकन म्हणाले, "अरे, बहिणीनं दिलं म्हणून सांगायचं ना! जे खरं ते."

"चित्राताईचं नाव? पोलिसांच्या कागदावर? आणि तेही ड्रगच्या?"

"देवरुखला कोण जातंय तिला पकडायला!"

"ते तुला इथे सोफ्यावर बसून ठाऊक. मला त्या खोलीत ठाऊक नव्हतं."

आमची किमया सेकंडरी शाळेत आहे. ती मोबाइलमधून डोकं वर काढून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, खसखस इज वन थिंग. बट यू लाइड टु देम. दॅट वन व्हेरी सिरीयस, ला."

मुलगी बरोबर बोलत होती, आणि तीच गोष्ट काढायचं आम्ही तिघं टाळत होतो. पुडी चुकून आली असं म्हणता आलं असतं. खोटा जबाब चुकून दिला असं कसं म्हणणार? दोष ठरला तर इथे राहून काम करायचा पास रद्द, आणि पास गेला की नोकरी गेली, घर गेलं, या देशात पुन्हा पाय ठेवणं गेलं. "देवरुखला माझी खोली आहे, वहिनी," ते म्हणाले, "पण तिथे मी पाहुणा. ताई माझ्यासाठी नवी चादर घालते. घरच्या माणसासाठी कोणी नवी चादर घालतं का?"

मी देवाला विचारलं. आमच्या जवळच्या देवळात मुख्य देव मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी. बायकांनी त्याचं दर्शन घ्यायचं नाही असं मला लहानपणापासून शिकवलेलं, आणि इथे पाहावं तर बायकाच पुढे, दुधाचे कलश घेऊन. मी इतकी वर्षं मान खाली घालून शेजारच्या गणपतीपाशी जाते. त्या दिवशी गणपतीला विचारलं, बहिणीला वाचवायला बोललेलं खोटं तुझ्या वहीत कुठल्या बाजूला लिहितोस? मग वाटलं, तिकडे जे पाप ते इथे पुण्य आणि तिकडे जे नैवेद्याचं ते इथे गुन्हा, तर देवाचा तरी काय इलाज?  शेजारच्या तमिळ बाईंनी हातावर विभूती ठेवली, ती लावून घरी आले.

आमच्या भागाच्या खासदारबाई आठवड्यातून एकदा ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत लोकांना भेटतात. धनेशभाऊ तिथे जाऊन बसले. बाईंनी पुडीची गोष्ट ऐकून घेतली. खोट्या जबाबाचं धनेशभाऊंनी सांगितलंच नाही. त्या म्हणाल्या, चालू तपासात मी हात घालू शकत नाही. पण अजाणता असे खाण्याचे पदार्थ आणणाऱ्या परदेशी लोकांचं काय करतात, असा सर्वसाधारण प्रश्न संसदेत नक्की विचारीन.

एवढ्यावर धनेशभाऊ खुलले. "वहिनी, माझ्या खसखशीवर मंत्री बोलणार!"

संसदेत उत्तरं द्यायच्या दिवशी नेमकी संकष्टी होती. धनेशभाऊंनी अर्धी रजा टाकली, ह्यांनी घरूनच काम घेतलं, आणि मी साबुदाण्याची खिचडी करून सगळे टीव्हीपुढे बसलो. कायदा-सुव्यवस्था सांभाळणारे मंत्री उभे राहिले. आवाज शांत, कागदही फारसे बघत नव्हते.

पहिला प्रश्न तुरुंगांचा. एका खासदारांनी विचारलं की कोठड्यांत उकाडा फार आहे, पंखे लावणार का? मंत्री हवा खेळती ठेवण्याबद्दल बरंच बोलले. धनेशभाऊ खिचडीचा घास घेत म्हणाले, "माझ्या इंजिन रूमपेक्षा बरं दिसतंय." कोणी हसलं नाही. मग त्यांनीच घास खाली ठेवला.

मग पोलिसांवर आले. फोनवरून फसवणारे लोक, पोलिसांची भरती, रात्रीची गस्त. मी ह्यांना विचारलं, "यात आपलं कुठे आलं?" हे म्हणाले, "अजून नाही." जरा वेळानं पुन्हा विचारलं. "अगं, आलं की सांगतो ना!"

मग बाहेरून येणाऱ्यांच्या पासांचा विषय निघाला. धनेशभाऊ पुढे सरकून बसले. पाससाठी खोटी लग्नं लावणाऱ्यांबद्दल कोणीतरी विचारलं होतं. मंत्री म्हणाले, खोटी माहिती देणाऱ्याला हा देश पाठीशी घालणार नाही. जो स्वतःहून पुढे येऊन खरं सांगतो, त्याचं पुढे येणं मात्र आम्ही विचारात घेतो.

धनेशभाऊंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "हे माझ्याबद्दल बोलले."

"तुझ्याबद्दल नाही रे, लग्नांबद्दल," हे म्हणाले.

"खोटी माहिती म्हणाले."

"लग्नाची खोटी माहिती!"

"असं कुठे म्हणाले? नुसतं खोटी माहिती म्हणाले. किमया, तू सांग."

किमया म्हणाली, "कॅन मीन बोथ."

आता काय समजायचं? आवाज पुन्हा लावला, तर सभापती सांगत होते की प्रश्नांची वेळ संपली, उरलेल्या प्रश्नांना लेखी उत्तरं मिळतील. आमच्या बाईंचा प्रश्न उरलेल्यांत होता. खिचडी गार झाली होती. चंद्रोदय व्हायचा होता, पण धनेशभाऊंचा कसला उपास, ते म्हणाले, "वहिनी, मला चहा-बिस्किटं द्या."

लेखी उत्तर आलं ते ह्यांनी वाचून दाखवलं. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती आणि परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घेतला जातो.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे तेच," हे म्हणाले.

"सोडतात की धरतात?"

"परिस्थिती पाहून."

मला तेव्हा इतकी चीड आली. एवढी मोठी संसद, एवढे शिकलेले लोक, आणि एका डब्याचं हो की नाही सांगता येत नाही? मग वाटलं, सत्यनारायणाच्या पोथीत तरी कुठे सरळ असतं? साधुवाण्यानं नावेत नुसती पानं आहेत म्हटलं आणि खरंच पानं झाली. देवापुढे लोटांगण घालून खरं बोलला तेव्हा कुठे धन परत मिळालं. हे मी बोलून गेले.

धनेशभाऊंनी विचारलं, "वहिनी, त्या वाण्याला बहीण होती का?"

"पोथीत नाही."

"मग त्याला सोपं होतं." पण उठताना म्हणाले, "उद्या जातो. नवा जबाब देतो. ताईचं नाव सांगतो. आणि हे ताईला कोणीही सांगायचं नाही, माझी शपथ आहे."

गेले. त्या दिवशी मी अथर्वशीर्षाची आवर्तनं करत बसले आणि कितवं चाललंय ते सारखी विसरत होते. संध्याकाळी ते परत आले तेव्हा आवाज लिफ्टपासूनच ऐकू आला, म्हणून जिवात जीव आला.

म्हणाले, जबाब घ्यायला समोर एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा खोटं का सांगितलंत? धनेशभाऊ म्हणाले, "मोठ्या बहिणीचं नाव पोलिसांपुढे घेववलं नाही." मग त्यांनी विचारलं, पुडी पिठात का? आता अनारसा इंग्रजीत कसा समजवायचा? धनेशभाऊंनी टेबलावर तळहातानं थापून दाखवला. इकडे गोळा, इकडे खसखस, असा थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही. इथले गूळ भरलेले उकडीचे गोळे आठवून बाई म्हणाल्या, "ओंदे-ओंदेला वरून खोबरं लावतात तसं?" धनेशभाऊ म्हणाले, "यस मॅडम, बट फ्लॅट." बाईंनी सगळं लिहून घेतलं. चित्राताईंचं नाव दोनदा विचारून नीट लिहिलं. "वहिनी, बाई हसल्यासुद्धा नाहीत आणि रागावल्याही नाहीत. काय समजायचं?"



वाट बघण्यात दिवाळी जवळ आली. एका सकाळी त्यांना बोलावणं आलं आणि ते पासपोर्ट घेऊनच परतले. खटला नाही. पास तसाच. फक्त कडक ताकीद, लेखी.

"म्हणजे सुटलात की शिक्षा झाली?" मी विचारलं.

धनेशभाऊंनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "शिक्षा नाही. पण पुन्हा काही झालं तर ते लोक याची आठवण काढतील."

"बहिणीसारखं," धनेशभाऊ म्हणाले.

दिवाळीला मी अनारसे तळले. पीठ माझंच, कारण चित्राताईंचा डबा त्या लोकांकडेच राहिला. तीळ लावले. नैवेद्य दाखवला आणि धनेशभाऊंनी पहिला घास घेतला तोच देवरुखहून व्हिडिओ कॉल आला. समोर चित्राताई, नाकात नथ, मागे पणत्या.

"जाळी पडली का रे?"

"मस्त पडली, ताई."

"पीठ मुरलं होतं ना? आणि खसखस पुरली?"

किमयानं तोंडावर उशी दाबली. धनेशभाऊंनी हातातला अनारसा हळूच कॅमेऱ्याच्या बाहेर नेला. सरकारला त्यांनी खरं सांगितलं होतं. आता इथे काय सांगणार? नव्यानं खोटं बोलले तर ते आणखी एक पाप, आणि खरं बोलले तर त्या माउलीला आयुष्यभराचा घोर.

"ताई, पुढच्या खेपेला खसखस देऊ नकोस."

"का रे? बरी नव्हती?"

"मला... आता आवडत नाही. तीळ आवडतात."

चित्राताईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "लहानपणी परातीतली खसखस चाटून खायचास. आणि आता आवडत नाही. सिंगापूरचा झालास हो तू!"

धनेशभाऊंनी आमच्याकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आला होता. "झालोय की नाही, ते मंत्र्यांना विचारावं लागेल, ताई."

"कुठल्या मंत्र्यांना?"

"असू दे. तू काय काय केलंस फराळाला, ते दाखव."

चित्राताई चकल्यांचं ताट आणायला आत गेल्या, तशी तिळाचा अनारसा पुन्हा कॅमेऱ्याच्या आत आला.