मागची दारं

आमच्या ठाण्यात गस्तीला दोन गाड्या होत्या. जुनी जीप मागून ताडपत्रीने झाकलेली. पावसात पाणी आत यायचं, घाटात अंग खिळखिळं व्हायचं. पण ताडपत्री बाजूला सारली की पाय खाली टेकता यायचे. मग नवी गाडी आली. एसी, मऊ सीट, पुढच्या-मागच्या सीटमध्ये लोखंडी जाळी. आरोपी पळू नये म्हणून मागची दारं आतून उघडत नाहीत. शिपाई म्हणून मी बसायची मागेच.

आषाढातल्या एका दुपारी आम्ही शिवथरच्या खोऱ्यातून एका बाईला महाडला आणत होतो. बांधाच्या भांडणात तिने दिराच्या डोक्यात काठी घातली होती. पन्नाशीची, शांत. वळणावर झाड आडवं पडलेलं दिसलं. ड्रायव्हरने किल्ली काढली, गाडी लॉक केली आणि बघायला पुढे गेला. तेवढ्यात दरडीचा लाल चिखल झाडाच्या अलीकडे उतरला. तो पलीकडे, आम्ही अलीकडे.

त्याने लांबूनच किल्लीचं बटण दाबलं. टक् आवाज झाला. मी दार ढकललं. उघडलं नाही.

"मॅडम, वरच्या रानातून फिरून येतो!" तो ओरडला आणि दिसेनासा झाला.

काच बंद, फोनला रेंज नाही, माझी काठी जाळीपलीकडे. चाकांखालून चिखलाचं पाणी वाहत होतं. गाडी जराशी सरकली. मी काचेवर कोपर मारत राहिले. हाताला मुंग्या आल्या, काचेला ओरखडाही नाही.

"मॅडम," ती बाई म्हणाली, "तुमची गाडी तुमाला पन सोडत नाय."

आमच्या श्वासांनी काचा धूसर झाल्या होत्या. बाहेरचं दिसेना, नुसता दगड गडगडल्याचा आवाज. मला रडू आलं, वर्दीत असूनही. तिने माझा हात मांडीवर ओढून घेतला.

"पोरी, आत आवाज करू नुको. श्वास पुरवून घे."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पन मी सकाळपासनंच अडकलेली हाय. तू आता अडकलीस."

बऱ्याच वेळाने ड्रायव्हर चिखलाने माखून आला आणि त्याने बाहेरून दार उघडलं. मी आधी उतरले. ती आतच बसून राहिली, मी सांगेपर्यंत.

"उतरा," मी म्हटलं. आम्ही तिघं मागे चालत वाडीपर्यंत आलो. तिथून दुसऱ्या गाडीने महाडला. पुढे तिला जामीन मिळाला.

नंतर साहेबांनी सगळ्यांना विचारलं, कुठली गाडी बरी. बाकीचे म्हणाले, नवी. मी म्हणाले, "जुनी." सगळे हसले. जीप त्याच महिन्यात भंगारात गेली. मी अजून नवीतच बसते, मागे. घाट लागला की नकळत दाराच्या कडीवर हात जातो. कडी हलते, दार उघडत नाही.