नऊवारी कोण शिवणार?

परदेशात धंदा करायचा तर आधी डोकं साफ पाहिजे, असं मला तिथल्या एका सल्लागार बाईंनी सांगितलेलं. नेदरलँड्सला जाऊन मला सहा वर्षं झालेली, नोकरी सुटलेली, आणि "काहीतरी मराठमोळं विकीन" एवढंच माझं ठरलेलं. बाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर पाच प्रश्न. काय विकणार, कोणाला, ते तुमच्याकडूनच का घेतील, अडचण कुठे येईल, आणि माल कोण बनवणार. उत्तरं मिळाली की या, म्हणाल्या. मला असा राग आला! म्हटलं, हिला काय कळतंय आमच्यातलं? पण घरी येऊन लिहायला बसले तर पहिल्या प्रश्नालाच पेन अडलं.

म्हणून डिसेंबरात मी डोंबिवलीशेजारी कोपरला मावशीकडे येऊन धडकले. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, तीस वर्षं शिवणकाम करतेय. तिची शिवलेली नऊवारी डोंबिवलीत बऱ्याच घरांत ठाऊक आहे. सलवारीसारखे पाय घालायचे, नाडी बांधायची, झालं. नेसायची कटकट नाही.

मी तिला कागद वाचून दाखवला. "तिथल्या बायकांना नऊवारी हवी असते गं, पण नेसवणारं कोणी नाही. स्मॉल, मीडियम, लार्ज अशी शिवून विकायची."

"बाई म्हणजे काय डबा आहे का गं, लहान, मधला, मोठा?" ती खो खो हसली.

तिची पद्धतच वेगळी. ती नुसत्या टेपवर विश्वास ठेवत नाही. बाईला समोर उभी करते, साडी अंगावर नेसवते, टाचण्या लावते, चार पावलं चालवते, पाटावर बसवते आणि मग कात्री हातात घेते. तरी माझ्यासाठी तिनं विचार केला. "वर्षातून दोनदा घालणार त्या. मधल्या काळात कोण जाड होईल, कोण बारीक. तर शिलाईच्या आत चार बोटं जादा कापड सोड. उसवून सैल करता आली पाहिजे. बाजारातल्या साडीत हे नसतं. लिही."

लिहिलं. शब्दन् शब्द तिचा. आठ दिवसांत चार उत्तरं झाली. पाचव्यापुढे मी काही लिहिलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? भाची कागद घेऊन दारात आली म्हणजे शिवणार मावशीच, हे तिच्या लेखी ठरलेलंच. तिनं मशीनला तेल दिलं, कात्रीला हळदकुंकू वाहिलं आणि तीन मापांचे तीन नमुने शिवायला घेतले.

दोन तयार झाले तशी मी "मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हणून निघाले आणि मानपाड्याच्या एका कारखान्यात ते दाखवून आले. मालक म्हणाला, हव्या तेवढ्या काढून देतो, सगळ्या एकसारख्या. मला पटलं. साठीतली एकटी बाई किती शिवणार? धंदा म्हणून ते चूक नव्हतं, हे मी आजही म्हणेन. माझं पाप पुढचं आहे.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधली बाई मुलीला घेऊन आली. फेब्रुवारीत लग्न. नवरीची, करवलीची, काकवांची, अशा सहा नऊवाऱ्या शिवायच्या होत्या. मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि ऐटीत म्हणाली, "यंदा नाही हो जमायचं. भाचीचं परदेशातलं काम घेतलंय. हा सीझन कुणाचंच घेत नाहीये."

मी तिथेच चहा पीत बसलेले. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मूग गिळून बसले. धीर झाला नाही वगैरे काही नाही, खोटं कशाला सांगू? तिसरा नमुना अजून मशीनवर होता. सांगितलं असतं तर तिनं तो पुरा केला नसता, एवढीच भीती होती. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, मी तर गरज सरायचीही वाट बघितली नाही.

नमुने घेऊन परत गेले आणि पाचव्या प्रश्नापुढे मानपाडा लिहिलं. सल्लागार बाई खूश. मावशी फोनवर विचारायची, "कापड कधी पाठवतेस गं?" मी म्हणायचे, "बघतेय, कागदपत्रं चाललीयत." लग्नसराई अशीच गेली. आई सांगायची, ती रोज मशीन पुसून ठेवते. ऐकून लाज वाटायची, पण फोन उचलून खरं बोलले नाही. मी मेली भित्री.

मग मे महिन्यात तिचाच फोन आला. "अगं, मानपाड्याहून एक माणूस आमच्या इथल्या बायकांना हातशिलाईचं काम वाटायला येतो. यंदा हाताला काही नव्हतं, म्हणून मीपण घेतलं. गाठोडं सोडलं तर तुझ्याच नऊवाऱ्या निघाल्या. कटिंग माझंच की, मला नाही कळणार?"

"मावशी, मी..."

"असू दे. आधी ऐक. मेल्यांनी आतलं कापड दोनच बोटं सोडलंय. उसवली तरी सैल नाही व्हायची. तुझ्या बायका तक्रार करतील. कारखान्यात आजच सांग. माझ्याकडे आलेल्या नऊवाऱ्यांना मी जादा हूक लावून ठेवते, तेवढ्याच सैल होतील."

मी लगेच कारखान्यात फोन लावला. चार बोटं सोडा म्हटलं. मालक चकित झाला. "मॅडम, एवढं बारीक तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझ्याच लक्षात आलं."