रावसाहेब कोंढरे यांची ओळखीची खूण

‘श्री. रावसाहेब बाबूराव कोंढरे, वय एकाहत्तर, राहणार बिबवेवाडी. हुद्दा : ग्रंथवाहक (घरपोच). उंची पाच फूट तीन इंच, वर्ण सावळा, चष्मा आहे. ओळखीची खूण : डाव्या प्रबाहूवर, म्हणजे कोपर ते मनगट या भागावर, पेरूएवढा जांभळा डाग. सदर इसम जिने चढण्यास योग्य आहे.’

हे प्रमाणपत्र नारायण पेठेतल्या एका वाचनालयाच्या कपाटात आहे. ‘ग्रंथवाहक’ हा शब्द वाचनालयाचाच. प्रत्यक्षात रावसाहेब एकतीस वर्षं पेठेतल्या चाळीसेक घरी पुस्तकं पोचवतात आणि वाचून झालेली परत आणतात. जिना चढताना उजवा हात कठड्याला आणि पाच-सहा पुस्तकांची चळत डाव्या हातावर. वाचनालयाची बांधणी जाड पुठ्ठ्याची. तिचे कोपरे पुस्तकातल्या विचारांपेक्षा टोकदार असतात.

पोचवण्याआधी प्रत्येक पुस्तक रावसाहेब स्वतः वाचतात, मुखपृष्ठापासून मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत. देताना अभिप्राय देतात. “पहिली साठ पानं सोडा. लेखकानेही सोडायला हवी होती.” काही वाचक पुस्तक उघडत नाहीत, पण अभिप्राय चुकवत नाहीत.

उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या हातावर डाग उमटायला लागले. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाई, निवृत्त शिक्षिका, यांनी दारातच चौकशी सुरू केली.

“अहो, घरी कोणी मारतं का तुम्हाला?”

“घरी मी एकटाच असतो.”

“मग स्वतःला तरी जपून मारत जा.”

एवढं बोलून त्यांनी आंबेहळद उगाळली, गरम केली आणि रावसाहेबांचा हात खरकटं पातेलं असल्यासारखा चोळला. दुसऱ्या दिवशी डागाची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली.

ती वाचनालयाचे कार्यवाह रविराज यांच्या नजरेस पडली. रविराज दिवसा आयटीत असतात.

“काका, रिस्क नको. फिटनेस सर्टिफिकेट आणा, नाहीतर सोमवारपासून काउंटरवर बसा. डिलिव्हरीला अ‍ॅप आहे.”

“अ‍ॅप अभिप्राय देतं का?”

“रेटिंग देतं.”

काउंटरवर लोक पुस्तक मागतात, मत मागत नाहीत. चाळीस दारं बंद झाली तर वाचलेलं सांगायचं कोणाला, या विचाराने रावसाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते डॉ. प्रियदर्शनी यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी हात उजेडात धरला, कातडी चिमटीत घेऊन पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट चांगला आला. रक्त गोठवणारे बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट्स, जागेवर होते.

“गोळ्या कोणत्या घेता?”

“हृदयाची एक. रक्त पातळ करणारी.”

“तिच्यामुळे जराशा धक्क्यानेही आत रक्त साकळतं. पण ती आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि हाताला काय लावता?”

रावसाहेबांनी खिशातून ट्यूब काढली. जुन्या पुस्तकांच्या धुळीने हाताला खाज सुटायची, म्हणून औषधवाल्याने दिलेली.

“किती दिवस लावायला सांगितली होती?”

“सात.”

“किती लावलीत?”

“तीन वर्षं. सात दिवसांत गुण आला, मग सोडायची कशाला?”

“हे स्टेरॉइड आहे, रावसाहेब. याने कातडी पातळ होत जाते. वयाने ती झालीच होती, तुम्ही तिला मदत केलीत. आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आधारच राहिला नाही. त्यात पुठ्ठ्याचा कोपरा. ट्यूबवर काय लिहिलंय, वाचा.”

रावसाहेबांनी चष्मा पुसून वाचलं. मुद्रकाचा पत्ता न सोडणाऱ्या माणसाने हा मजकूर तीन वर्षं सोडला होता.

“स्पष्ट लिहिलंय,” ते म्हणाले. “भाषा मात्र रुक्ष.”

डॉक्टरांनी सांगितलं ते असं : ट्यूब हळूहळू कमी करून बंद, तिच्याऐवजी साधं मलम. धक्का बसला की थंड पाण्याची घडी दहा मिनिटं आणि हात उशीवर उंच. चोळायचं नाही, शेकायचं तर दोन दिवसांनंतर. पूर्ण बाह्यांचा शर्ट. पुस्तकं हातावर न घेता खांद्याच्या पिशवीत. अंगावर इतरत्र विनाकारण डाग आले किंवा हिरड्यांतून, नाकातून रक्त आलं तर लगेच यायचं. कातडी सावरायला काही महिने लागतील, तोवर अधूनमधून डाग येतील.

“आणि जिने?”

“जिन्यांनी काय केलंय? चढा.”

परतताना रावसाहेब आधी विमलाबाईंकडे गेले. अशीच एक ट्यूब त्यांनी शिफारस करून विमलाबाईंनाही आणून दिली होती, आणि तीही न वाचता.

“ती ट्यूब परत द्या.”

“का? चांगली आहे की!”

“अभिप्राय बदलला. किती लावलीत?”

“उघडलीच नाही. तुमच्या शिफारशीची पुस्तकंसुद्धा मी महिनाभर ठेवूनच देते.”

रावसाहेबांना आयुष्यात प्रथमच न वाचणाऱ्या वाचकाबद्दल कृतज्ञता वाटली.

सोमवारी प्रमाणपत्र दाखल झालं. ओळखीच्या खुणेची चौकट रिकामी होती. रिकामी चौकट चालत नाही, म्हणून रविराज यांनी समोर जे दिसलं ते भरलं, शिक्का मारला आणि कागद कपाटात ठेवला. रावसाहेब खांद्याला पिशवी अडकवून पहिला जिना चढले. दारातून आवाज आला, “उशीर झाला हो! हे पुस्तक कसं आहे?”

डाग सोळाव्या दिवशी गेला.