अकरा थर

किसाबुरो आमच्याच गल्लीतला. मी लेथवर एबोनाइटचं कडक रबर कातून पेनाचं अंग आणि टोपण करायचो, तो त्यावर उरुशी झाडाच्या चिकाचं रोगण चढवायचा. चाळीस वर्षं. पाठीने मला लेथ सोडायला लावला, पण वर्षभर पुरेल एवढा माल मी कातून ठेवला होता. तो अठ्ठ्याहत्तरीतही सकाळी सात ते अकरा बसायचा. अकरानंतर कुंचला बंद. थकलेला हात थर जाड करतो.

लिहून तो काही ठेवत नसे. थर दिला की पेन दमट कपाटात; हे रोगण ओलाव्यातच सुकतं. सुकलं की घासायचं, पुढचा थर द्यायचा आणि एक फळी खाली ठेवायचं. आठ फळ्या, आठ थर; कितवा थर ते फळीवरून कळायचं.

जूनमध्ये तो एक पेन घेऊन आला.

"इवाओ, टोपण पूर्ण बसत नाही. आटे चुकवलेस तू."

"मी? चाळीस वर्षांत कधी चुकवले?"

"मग मी चुकलो, असं म्हण ना तोंडाने!"

मी टोपण फिरवून पाहिलं. रोगणासाठी केसभर जागा सोडतो, ती भरून गेली होती.

"हात जाड पडायला लागला," तो म्हणाला. "झालं माझं. उद्यापासून बंद." घरी जाऊन त्याने कुंचला तेलात पुसला आणि कागदात गुंडाळून ठेवला.

मला पटेना. मी पेनाची एक बाजू तिरकी घासली आणि भिंग लावलं. थर अकरा. पुन्हा मोजले. अकराच, आणि सगळे सारखे पातळ.

त्याच्याकडे गेलो. "हात ठणठणीत आहे तुझा. थरच अकरा आहेत."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"अकरा कसे? मी आठच देतो."

"फळी बदलायची राहिली असेल. मग तोच थर पुन्हा दिलास."

"तीनदा?"

तो कपाट उघडून फळ्यांकडे बघत बसला, परक्याच्या घरात शिरल्यासारखा.

त्याची बायको तोमिए चहा घेऊन आली. सगळं ऐकलं होतं तिने.

"अहो, ते मी केलं. कपाट पुसायला काढलं होतं. परत ठेवताना पेन तीन फळ्या वर गेलं असेल."

"तू कपाटाला हात लावलास?"

"लावला. पाप केलं का?"

तोमिएला ओल्या रोगणाचा वाराही सोसत नाही. लग्नानंतर एकदाच तिने ते कपाट उघडलं, तर आठवडाभर तोंड सुजलं होतं. या महिन्यात मी तिला रोज पाहत होतो. एक पुळी नव्हती. किसाबुरोनेही तिच्या हातांकडे पाहिलं.

"पुन्हा लावू नकोस," तो म्हणाला.

"नाही लावणार."

त्याने कुंचला कागदातून सोडवला. तिचं त्याला खरं वाटलं, की खरं वाटल्यासारखं त्याने दाखवलं, मला कळेना. विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर तोमिए कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर नाकाला ओला रुमाल बांधून शेंगा सोलत बसली होती. त्याने थर दिला, पेन घेऊन कपाटापुढे गेला आणि थांबला.

"तिसरीवरून काढलंत. चौथीवर ठेवा," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग उभे का?"

त्याने ते चौथीवर ठेवलं.