दाजींच्या गाडीचं झाकण

बातमी आली तेव्हा मी बेलापूरच्या कचेरीत होतो. फोन आमच्या हेडक्लार्कने घेतला आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाला, "तुमचे ते पेट्रोलवाले मेव्हणे हो... गेले." हिराजी दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सारसोळ्याच्या बंदरावर होडीचा दोर बांधता बांधता खाली बसले ते उठलेच नाहीत. 'पेट्रोलवाले' हे नाव त्यांना कसं पडलं ते हेडक्लार्कला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. ते माझ्यामुळे पडलं होतं, आणि ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणापाशी बोललो नव्हतो.

दिवसकार्य झाल्यावर गावाने शोकसभा घेतली. शोकसभा कसली, पांढऱ्या कपड्यांचं प्रदर्शन. जमिनी गेल्यावर बिल्डर झालेला एक गाववाला उठला, दुसऱ्याने लिहून दिलेला कागद खिशातून काढला आणि अडखळत वाचू लागला. कागद संपल्यावर त्याला मोकळं वाटलं असावं. मग स्वतःच्या मनाचं बोलला, "आमचे हिराजीशेठ लय हौशी. हौसेपायी पेट्रोलची गाडी पोसली त्यांनी!" लोक हसले. मेलेल्या माणसाच्या हार घातलेल्या फोटोसमोर तोंडाला रुमाल लावून हसले. हेच लोक लेकीसुनांना बाळंतपणाला दाजींच्या त्याच गाडीतून घेऊन गेले होते. मला त्यांची किळस आली. पण जास्त किळस माझी आली, कारण पुढच्या खुर्चीवर बसून मी मान खाली घालून घड्याळाचा पट्टा चाळवत होतो. उठून चार वाक्यं बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून आज लिहितो आहे. आम्हा शिकलेल्या लोकांचं हे बरं असतं.

गाडीचा विचार निघाला तो ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास. शेत नव्या शहरात गेलं होतं, मिठागर गेलं होतं. होडी होती, पण खाडीत पूर्वीची मासळी नव्हती. दाजींनी ठरवलं, एक नवी अँबॅसिडर घ्यायची आणि लग्नाच्या भाड्याला चालवायची. यापुढचं घर त्या गाडीवर चालायचं होतं. आता प्रश्न एकच होता, पेट्रोलची की डिझेलची? डिझेलची गाडी तेव्हा नवीनच निघाली होती, आणि बंदरावर रोज संध्याकाळी या विषयावर पंडितांची सभा भरू लागली. आयुष्यात बैलगाडीशिवाय काही न हाकलेले म्हातारे मायलेजवर बोलायचे. एकाने तर शपथेवर सांगितलं की डिझेलच्या गाडीत बसलं की नवरीचं तोंड काळं पडतं. या सगळ्या बडबडीत शहाणा माणूस एकच होता आणि त्यालाच मी सर्वांत अडाणी समजत होतो. तो म्हणजे पांडू मिस्त्री, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायचा. तो शांतपणे म्हणाला, "डिझेल घे हिराजी. बंद पडली त मी हाय. पेट्रोलातला मना काय बी कलत नाय."

दाजी माझ्याकडे वळले. गावात सगळे मला 'बीए' म्हणत, कारण सारसोळ्यातला पहिला पदवीधर मीच. "बीए, तू बोल. तू बोलशील ती घेऊ."

मी इतिहासाचा बी.ए. इंजिनाचं झाकण उघडलेलंही कधी पाहिलं नव्हतं. पण इंग्रजी माहितीपत्रक वाचता येणारा त्या बंदरावर मी एकटाच होतो आणि त्याचा माज होता. खरं कारण त्याहून हलकं होतं. माझे वडील दाजींसारखेच होडीवर. त्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास, तोच घरात, तोच माझ्या शर्टाला. कॉलेजात बाकावर शेजारचा मुलगा जरासा सरकून बसायचा, तो कशामुळे ते मला पक्कं माहीत होतं. त्या वासावर मला सूड घ्यायचा होता. तो मी दाजींच्या गाडीवर घेतला. म्हणालो, "दाजी, डिझेल म्हणजे होडीच. उतरायचं तर होडीतून नीट उतरा. साहेब लोक पेट्रोलच्या गाडीत बसतात."

"मंग सायबांनाच ने भाड्याला," पांडू मिस्त्री म्हणाला. "नवरदेवांना कशाला नेतोस?"

लोक खो खो हसले. मी पांडूकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तो पायपुसणं आहे. दाजी हसले नाहीत. विडी विझवली आणि म्हणाले, "ठरला. पेट्रोल."

पुढे काय झालं ते सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही. शेजारच्या जुई गावातल्या एकाने डिझेलची गाडी घेतली. तिला खर्च कमी, त्यामुळे तो भाडं कमी सांगायचा, आणि लग्नं एकामागून एक त्याच्याकडे जाऊ लागली. त्यात ते जासईचं लग्न आलं. दाजींच्याच होडीवरच्या खलाशांनी सकाळी प्रेमाने गाडी धुतली, हार बांधले आणि टाकीत तेल कमी दिसलं म्हणून होडीच्या पिंपातून दोन बादल्या डिझेल ओतलं. त्यांच्या लेखी इंजिन म्हणजे डिझेल, दुसरं काही इंजिन पितं हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. उरण फाट्याच्या पुढे गाडीने पांढरा धूर सोडला, आचके दिले आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासकट रस्त्यात उभी राहिली. नवरदेव शेवटी टेम्पोच्या हौद्यात खुर्ची टाकून जासईला पोचला. पांडू मिस्त्री सायकलवरून आला, बॉनेट उघडून बघत राहिला, आणि त्याला खरोखरच काही कळलं नाही. गाडी ओढत वाशीला न्यावी लागली.

त्या संध्याकाळी बंदरावर मीही होतो. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "शिकलेल्या मेवन्याचा ऐकला ना, आता भोग!" दाजी जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याचं नाव घेऊ नका. गाडी मी माज्या मनानं घेतली. मना हौस होती."

आणि मी काय केलं? मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. त्या दिवसापासून दाजी 'पेट्रोलवाले' झाले, 'हौशी' झाले, आणि मी बीएचा बीएच राहिलो. दुसऱ्या दिवशी ते एक कागद घेऊन घरी आले. "मोठ्या अक्षरात 'पेट्रोल' लिवून दे," एवढंच म्हणाले. त्यांना लिहिता येत नव्हतं. माझं अक्षर चित्रासारखं समोर ठेवून त्यांनी होडीवर नाव घालायच्या लाल रंगाने ते टाकीच्या झाकणावर उतरवलं. मी ते पाहून मनातल्या मनात हसलो होतो... खलाशांना तरी कुठे वाचता येत होतं?

शोकसभेनंतर आठ दिवसांनी ताईने बोलावलं. गाडी अंगणात उभी होती. "भाऊ, गाडी चालवायला मानूस मिलतो," ती म्हणाली, "पन पेट्रोल परवडत नाय बोलतो. जुनं इंजिन काढून डिझेलचं घालून देतात म्हने. घालू का नको? माजं पोट आता हिच्यावरच हाय. ते सांगून गेलेत, गाडीचं काय पन करायचं त आदी बीएला ईचार."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, मला यातलं काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं."

"ते त्यांना म्हाईत होतं."

 ती तांदूळ निवडता निवडता अगदी साध्या आवाजात बोलत होती. "पेट्रोल ठरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पांडू घरी आला होता समजवायला. हे बोलले, मना पन डिझेलच बरी वाटते. पन सगल्या गावासमोर पोराला ईचारलं मी. आता त्याचा शब्द खाली पडला त उद्या कोन आपली पोरं कालेजात धाडील?"

मी बाहेर आलो. मग आयुष्यात पहिल्यांदा पांडू मिस्त्रीच्या दारात गेलो आणि विचारलं. त्याने एकदाही टोमणा मारला नाही, हे मला अजून सहन होत नाही. "घाल डिझेल," म्हणाला आणि माझ्याबरोबर आला. इंजिन बदलून झालं त्या दिवशी त्याने माझ्या हातात रंग खरवडायची पत्री दिली. "आदी ते झाकन साफ कर, बीए. नायतर आता कोनीतरी पेट्रोल ओतील."

मी खरवडायला लागलो. लाल पापुद्रा निघाला तर खाली पुन्हा तोच शब्द. तो काढला तर खाली आणखी एक. "दर नारली पुनवेला होडी रंगवायचा ना," पांडू म्हणाला, "उरलेल्या रंगाचा एक हात हिथं. त्याच रेघांवरनं ब्रश फिरवायचा, हलू हलू. भायेर जाऊ द्यायचा नाय." सगळं गाव ज्या शब्दावर हसत होतं तो माझा शब्द त्या माणसाने दरवर्षी ताजा करून ठेवला होता. पत्रा दिसेपर्यंत माझी बोटं लाल झाली.

पांडूने रंगाचा डबा पुढे केला. "लिव आता. डिझेल. तुजं अक्षर चांगलं हाय."

मी लिहिलं. माझ्या बी.ए.चा हिराजी दाजींच्या घराला झालेला हा पहिला उपयोग. गाडी आता भाड्याला जाते, ताईचं घर चालतं. होडी तिने विकलेली नाही. येत्या नारळी पौर्णिमेला ती रंगवायची आहे, आणि मग उरलेल्या रंगाचा एक हात झाकणावर... हळूहळू, त्याच रेघांवरून.