गुणी थीदा

मुलाकडे अमेरिकेत राहायला गेले, तेव्हा मी कोंबड्या कापायच्या कारखान्यात काम धरलं. माझ्या एका बाजूला सोमालियाची हलीमा, दुसऱ्या बाजूला बर्माची थीदा. दोघीही युद्धातून जीव वाचवून आलेल्या.

एकदा हलीमाने नमाजासाठी पाच मिनिटं मागितली. मुकादम थीदाकडे बोट दाखवून म्हणाला, "हिच्याकडून शीक. ही कधी काही मागत नाही."

हलीमाला त्याच दिवशी काढलं. थीदा खाली मान घालून कापत राहिली. थोड्या वेळाने तिच्या पायांशी ओल पसरलेली मला दिसली. गुणी ठरलेल्या माणसाला लघवीलाही सुट्टी मागता येत नाही, हे मला तेव्हा उमगलं.

"अगं, सांगायचंस ना!"

"हलीमाने सांगितलं होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून हलीमाच्या वाटणीच्या कोंबड्याही थीदासमोर येऊ लागल्या. मुकादमाने सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.