ओम्‌मधला ओ

पालमच्या दवाखान्यातले कंपाउंडर गंगाधरआप्पा यांना मी कितीतरी वर्षं ओळखत होतो, पण पाहिलं फक्त अखेरीला. मी परभणीच्या मोठ्या दवाखान्यात फोनवर बसायचो. आप्पा म्हणजे माझ्यासाठी नुसता आवाज. आणि काय आवाज! रिसीव्हर हातभर लांब धरला तरी वॉर्डातले पेशंट उठून बसायचे. फोन उचलण्याआधी ते टोपी सारखी करतात, असं त्यांच्याकडचा जीपचा ड्रायव्हर सांगायचा.

"आप्पा, तुम्हाला फोनची गरजच काय? नुसते अंगणात उभे राहून बोला," असं मी चिडवायचो.

"परभणी लांब हाय साहेब. हळू बोललं तर आवाज वाटंतच बसंल."

दर आठवड्याला साथीच्या आजारांचे आकडे ते फोनवर द्यायचे आणि मी टिपून घ्यायचो. कुठल्या गल्लीत जुलाब सुरू झालेत हे माझ्याआधी पालमच्या भाजीवाल्यांना कळायचं. मी म्हटलं, "अहो, हळू! लोकांची अब्रू आहे." तर म्हणाले, "कळू द्या की! पाणी उकळून पितील!"

नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. कधी एसटी बंद, कधी रस्ता बंद, मग फोनचाच काय तो आधार. अशाच एका दुपारी फोन खणखणला.

"हॅलो परभणी! जीप निघालीय! बाळंतीण हाय, रक्त थांबंना गेलंय! रक्त तयार ठेवा!"

"गट कोणता?"

"ओ!"

हाक मारली की माणूस ओ देतोच. मला वाटलं, यांना नीट ऐकू गेलं नाही. मी ओरडलो, "आप्पा! गट सांगा, गट!"

"ओ!"

"अहो, ओ काय देताय? बाईच्या रक्ताचा गट विचारतोय!"

"ओ! कवापासून ओच म्हणायलोय की!"

लाइनीत खरखर वाढली, निम्मे शब्द गिळले गेले. रक्त आयत्या वेळी माणूस शोधून घ्यायचं, आणि गटच कळेना तर बोलवायचं कुणाला? जीप तर वाटेला लागलेली. तेवढ्यात पलीकडून गर्जना झाली.

"ओम नमः शिवाय! त्यातला पयला ओ! म सोडा, नमः सोडा, शिवाय सोडा!"

आणि लाइन तुटली. आप्पा लिंगायत, रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे. मंत्राची अशी मोडतोड करताना त्यांच्या जिवावर आलं असणार. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. आमचा आचारी ओ गटाचा होता. तो हातातली पळी टाकून धावत आला. जीप दारात लागली तेव्हा बाटली तयार होती. बाई वाचली. मुलाचं नाव ओंकार ठेवलं, हेही आप्पांनीच फोनवर ओरडून सांगितलं. तेव्हापासून त्यांचा फोन आला की सुरुवात ठरलेली, "हॅलो, ओम्‌मधला ओ बोलतोय!"

पुढं आमच्याकडं गार हवेच्या खोलीत कम्प्युटर आला. आकडे कागदावर लिहून थेट त्या खोलीत जाऊ लागले, फोनवर टिपून घेणं संपलं. आप्पांना ते लागलं.

"ते मशीन लय हुशार हाय म्हणं. हाक मारली तर ओ देतंय का?"

"नाही देत, आप्पा."

"मग ऱ्हाऊ द्या," ते खुशीत म्हणाले.

ते रिटायर झाले आणि काही काळानं त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं. अर्धांगवायू. खाटेवर एवढासा, काटकुळा माणूस. या देहात तो आवाज मावायचा तरी कुठं? केसपेपरवर रक्ताचा गट पाहिला तर बी! उभा जन्म ओ ओ करणारा माणूस, आणि स्वतःचा गट बी. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"आल्यापासून कुणाशीच बोलंनात," त्यांचा मुलगा म्हणाला.

मी कानाशी वाकलो. "हॅलो पालम, परभणी बोलतंय."

डोळे मिटलेलेच होते. धड असलेला हात सावकाश डोक्याकडं गेला आणि टोपी चाचपू लागला. टोपी नव्हती.

"ओ," आप्पा म्हणाले. इतकं हळू बोललेले आप्पा मी पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर येताच मी आधी त्यांच्या खाटेशी गेलो आणि पुन्हा हाक मारली. ओ आली नाही.